पगारातील तफावतीविषयी लेखी दाद मागावी का? (कोल्हापूर, फाउंड्री)

प्रश्न – गुणवत्ता विभागातील कर्मचारी, गोकुळ शिरगाव

नमस्कार. मी गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातू वितळवून ओतीव भाग बनवणाऱ्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात काम करते. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर इथेच रुजू झाले आणि येत्या जूनमध्ये मला नऊ वर्षे पूर्ण होतील. कोअर शॉपमधून आलेल्या कोअरच्या (साच्यात पोकळीसाठी बसवायच्या वाळूच्या गाभ्याच्या) तपासणीपासून ग्राहकाने परत पाठवलेल्या कास्टिंगमधील (ओतीव भागातील) ब्लो होलचे, म्हणजे अडकलेल्या वायूमुळे पडलेल्या पोकळीचे, कारण शोधून काढण्यापर्यंत या विभागातील असे एकही काम नाही की जे मी स्वतः केलेले नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक तरुण नव्याने आला. तो प्रामाणिक आणि कष्टाळू आहे, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात कोणताही राग नाही, हे आधीच सांगते. ड्रॉइंग कसे वाचायचे, गेज (माप तपासण्याचे साधन) कधी बदलायचे आणि इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये काय लिहिल्याशिवाय माल सोडायचा नाही, हे सर्व त्याला मी शिकवले. तीन महिन्यांपूर्वी त्याला विभागाचा इन्चार्ज करण्यात आले. त्यानंतर एके दिवशी त्यानेच मला अत्यंत संकोचाने सांगितले की, इन्चार्ज होण्यापूर्वी आम्ही दोघे एकाच टेबलावर एकच काम करत होतो तेव्हासुद्धा त्याचा पगार माझ्यापेक्षा सहा हजार रुपयांनी जास्त होता. आता हे अंतर साडेअकरा हजारांवर गेले आहे.

मी प्लँट मॅनेजरसाहेबांना भेटून कारण विचारले. ते म्हणाले की माझे मूल लहान आहे, मला रात्रपाळीला बोलावता येणार नाही, ग्राहकाकडे पुण्याला ऐनवेळी जावे लागते ते मला जमणार नाही, आणि शिवाय आमच्या घरी दोन पगार येतात. यांपैकी एकही गोष्ट मला कधी कोणी विचारलेली नव्हती. प्रसूती रजेवरून मी परत आले त्या दिवशी माझे टेबल शॉपमधून हलवून कागदपत्रांच्या खोलीत ठेवलेले होते, आणि ते माझ्या सोयीसाठीच केले आहे असे मला सांगण्यात आले.

आता माझी खरी अडचण सांगते. आमचे घर प्रयाग चिखलीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही नावेतून बाहेर पडलो आणि परत आलो तेव्हा घरातले धान्य, अंथरूण, सासऱ्यांची कागदपत्रे यांतले काहीच शिल्लक नव्हते. त्या वेळी कंपनीच्या मालकांनी स्वतः फोन करून विचारपूस केली, कंपनीचा टेंपो पाठवला आणि पन्नास हजार रुपये बिनव्याजी दिले. ते पैसे मी चौदा महिन्यांत पगारातून फेडले. पण सासरे म्हणतात की पैसे फिटतात, वेळेला धावून आलेला माणूस फिटत नाही. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. दुसरे असे की, माझ्या दिरांचे उद्यमनगरात दोन लेथचे छोटे शॉप आहे आणि त्यांच्याकडील निम्म्याहून अधिक जॉबवर्क आमच्याच कंपनीकडून येते. माझ्या एका पत्रामुळे त्यांच्या घरावर परिणाम झाला, तर मी जाऊबाईंना काय तोंड दाखवू?

हा प्रश्न माझ्यापुरताच असता तर कदाचित मी गप्प बसले असते. परंतु कोअर शॉपमध्ये चौदा बायका रोजंदारीवर आहेत. त्यांना दिवसाला ५१० रुपये मिळतात आणि शेजारच्याच बाकावर तेच कोअर करणाऱ्या पुरुषांना ६०० रुपये मिळतात. रिजेक्शनची नोंदवही माझ्याकडे येत असल्यामुळे मला नक्की माहीत आहे की बायकांच्या हातचे कोअर कमी बाद होतात. मी रोज त्या नोंदींखाली सही करते, आणि अलीकडे ती सही करताना मला स्वतःची लाज वाटू लागली आहे.

मी लेखी तक्रार करावी का? केली तर माझ्यापुरती करावी, की या बायकांचाही विषय त्यात घ्यावा? आणि ज्या माणसाने संकटात हात दिला त्याच्याविरुद्ध असे काही करणे हा कृतघ्नपणा ठरेल का? कृपया अनुभवाने सांगावे.

उत्तर – पतसंस्थेतील माजी कर्मचारी, राजारामपुरी

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला वाटते तुम्ही तिथेच अडलेल्या आहात. मालकांनी तुम्हाला जे दिले त्यातले पैसे हे कर्ज होते आणि ते तुम्ही फेडले. त्यामागची माणुसकी मात्र कर्ज नव्हती, ती माणुसकीच होती, आणि तिची परतफेड माणुसकीनेच होईल. त्यांच्या घरी कधी अडचण आली तर तुम्ही सर्वांत आधी धावून जाल, याविषयी मला शंका नाही. परंतु दरमहा सहा हजार रुपये कमी घेऊन ती परतफेड चालू आहे असे कोणी ठरवलेले नाही. तुम्ही तसे कबूल केलेले नाही, आणि मालकांच्या मनातही बहुधा तसे नसेल. महापुरात त्यांनी इतर पुरुष कामगारांनाही मदत केली असेलच. त्यांच्यापैकी कोणाचा पगार त्यामुळे कमी राहिला का, हे एकदा मनाशी विचारून पाहा.

आता माझा अनुभव. मी एका पतसंस्थेत अकरा वर्षे होते. शाखाधिकाऱ्याची जागा तीन वेळा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा माझ्यानंतर लागलेल्या पुरुषाला मिळाली. प्रत्येक वेळी मी बोलले, परंतु तोंडीच बोलले. संचालकांच्या केबिनमध्ये मला चहा मिळाला, पुढच्या वेळी नक्की बघू असा शब्द मिळाला आणि मी समाधानाने बाहेर आले. शेवटी एका संध्याकाळी संतापाच्या भरात राजीनामा लिहून दिला. घरी आल्यावर लक्षात आले की अकरा वर्षांत या विषयावर माझ्या हातचा एकही कागद संस्थेकडे नाही. मी कधी काही मागितले होते याचा पुरावाच नव्हता, आणि राजीनामा मात्र लेखी होता.

म्हणून तुम्ही लिहावे, आणि नोकरीत असतानाच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पत्र देण्यापूर्वी घरात सर्वांशी बोला. दिरांना आणि जाऊबाईंना ही गोष्ट बाहेरून कळता कामा नये. त्यांना समोर बसवून सांगा, त्यांची भीती पूर्ण ऐकून घ्या, आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचे काम जोडता येईल का हे पाहायला त्यांना महिना-दोन महिने द्या. घरातून पाठबळ असेल तर बाहेरचे पुष्कळ सोसता येते. कारण पत्रानंतरचा त्रास मोठ्या गोष्टींतून येत नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज शेजारी डबा उघडणारी मैत्रीण दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते, आणि तिचा दोष नसतो, तिलाही नोकरी टिकवायची असते. त्या दिवसांची मनाची तयारी आधीच करून ठेवा.

कोअर शॉपच्या बायकांना विचारल्याशिवाय त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात करू नका. तुम्हाला कायमस्वरूपी नेमणूक पत्र आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवले तर त्या दिवसाची चूल कशी पेटणार, याचा विचार आपल्याला करावा लागेल.

उत्तर – एक वाचक

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तिची अध्यक्ष महिला असते. तिथे तक्रार केली तर बाहेर जाण्याची गरजच पडणार नाही, असे मला वाटते.

उत्तर – कामगार विषयाच्या वकील, शाहूपुरी

वरील सूचना सद्भावनेने केलेली आहे, परंतु तिच्यामुळे वेळ वाया जाऊ शकतो, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करते. २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती ही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. तशी घटना घडली असेल तर तीन महिन्यांच्या आत तिथे लेखी तक्रार करावी लागते. पगारातील तफावत हा त्या समितीच्या कक्षेतला विषय नाही.

तुमच्या विषयाला लागू होते ती वेतन संहिता, २०१९. समान वेतनाचा १९७६ चा कायदा आता या संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडे एकसारखे किंवा एकाच स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये लिंगभेदावरून वेतनात फरक करता येत नाही. काम एकाच स्वरूपाचे आहे की नाही हे पदाच्या नावावरून ठरत नाही. त्या कामाला लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी, तसेच ते कोणत्या परिस्थितीत केले जाते, हे पाहिले जाते. तुम्ही आणि तो तरुण एका टेबलावर काम करत होता आणि एकाच रिपोर्टवर कधी तुमची तर कधी त्याची सही होत होती, हे तुमच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आहे.

इन्चार्जपदाविषयी मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कोणाला बढती द्यावी यात मालकाला बराच वाव असतो आणि ती केवळ बाई म्हणून नाकारली हे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून बढतीचा मुद्दा पत्रात जरूर लिहा, पण भर पूर्वीच्या पगाराच्या फरकावर ठेवा. या संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुम्ही जितके महिने थांबाल तितके जुने महिने मागून गळत जातील. विचार करायला वेळ अवश्य घ्या, परंतु त्या वेळेचीही किंमत आहे हे ध्यानात असू द्या. दावा मान्य झाल्यास मूळ रकमेखेरीज दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. इतकी रक्कम मिळेलच असे मी म्हणत नाही, पण कंपनीच्या वकिलाला हे कलम ठाऊक असते आणि त्यामुळे बोलणी गांभीर्याने होतात.

मॅनेजरसाहेबांनी दिलेली कारणे तुम्ही शब्दशः लिहून ठेवली आहेत का? नसतील तर आजच तारखेसह लिहून ठेवा, कारण ती कारणेच तुमच्या उपयोगी पडणार आहेत. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर नेमता येते. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वीच्या कामासाठी तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. म्हणजे संमती देणे किंवा न देणे हा निर्णय तुमचा आहे. तुमच्या वतीने दुसऱ्या कोणी नकार गृहीत धरावा, असे कायद्यात कुठेही नाही. प्रसूती रजेचेही तसेच आहे. २०१७ पासून ही रजा २६ आठवड्यांची झाली हे सर्वांना माहीत असते, पण त्या अनुपस्थितीमुळे स्त्रीच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, हे १९६१ पासूनचे तत्त्व फारसे कोणाला माहीत नसते. टेबल हलवल्यामुळे तुमचा भत्ता, इनक्रिमेंट किंवा बढतीची संधी गेली असेल तर तेही पत्रात तारखेसह यावे.

कंपनीची ऐपत नाही, असे उत्तर येऊ शकते. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मुंबईतील एका कंपनीत महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत असे. कामगार संघटनेशी तसा करार झाला आहे आणि समान वेतन देणे आर्थिकदृष्ट्या झेपणारे नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. १९८७ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. मात्र हेही सांगितले पाहिजे की डिकॉस्टा यांची नोकरी १९७७ मध्येच संपुष्टात आली होती आणि अखेरच्या निकालासाठी त्यांना जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागले. न्याय मिळतो, पण तो केव्हा मिळेल हे आपल्या हातात नसते, म्हणून मी माझ्या अशिलांना पहिले पाऊल कंपनीच्या आतच टाकायला सांगते.

ते पाऊल असे. एक पानी पत्र, मालकांच्या नावे. त्यात आरोपाची भाषा नको. नेमणुकीची तारीख, शिक्षण, केलेली कामे, वेतनातील फरक आणि त्या फरकाचे कारण लेखी कळवण्याची विनंती, एवढेच असावे. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि ती नाकारली तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. समाधानकारक उत्तर आले नाही तर इथल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येते. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रकरण अगदी उच्च न्यायालयापर्यंत गेलेच, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) काम सुरू झालेले असल्यामुळे पूर्वीसारख्या मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

कोअर शॉपविषयी मी आधीच्या ताईंशी सहमत आहे, त्यात एवढीच भर घालते की त्यांचा मार्ग बंद नाही. रोजंदारीवरील कामगारांनाही हीच संहिता लागू आहे आणि असा अर्ज कामगाराऐवजी कामगार संघटना किंवा कामगार विभागाचा निरीक्षकही करू शकतो. त्यामुळे चौदाजणींपैकी कोणा एकीला पुढे उभे राहण्याची गरज नाही. शिवाय समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करता येत नाही, हे तिथल्या पुरुष कामगारांना आवर्जून सांगा. आपले ६०० रुपये ५१० वर येतील या भीतीनेच पुष्कळदा पुरुष अशा मागणीच्या विरोधात उभे राहतात.

उत्तर – मशीन शॉप सुपरवायझर, शिरोली

मला कायद्यातले फारसे कळत नाही, परंतु मी त्या तरुणाच्या जागी होतो, म्हणून लिहितो. माझ्याबरोबर सीएमएमवर (भागांची मापे अचूक मोजणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या ताईंना माझ्यापेक्षा कमी पगार आहे हे मला दोन वर्षे माहीत होते आणि मी बोललो नाही. त्यांनी पत्र दिले तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारले की दोघांचे काम खरोखर सारखे आहे का. मी हो म्हणालो आणि तसे लिहूनही दिले. माझे काहीही वाकडे झाले नाही. त्यांना पुढच्या इनक्रिमेंटमध्ये बराचसा फरक मिळाला, मागची थकबाकी मात्र मिळाली नाही. आधीची दोन वर्षे मी गप्प का राहिलो, याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही. ताई, त्या मुलाने पगाराचा आकडा तुम्हाला स्वतःहून सांगितला आहे. याचा अर्थ त्यालाही ते टोचते आहे. त्याला विचारा. तो नाही म्हणाला तरी तुमचे काही बिघडणार नाही.

वकीलताईंच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. आपल्याकडच्या फाउंड्रीचे मालक अजूनही सकाळी शॉपमध्ये फेरी मारतात आणि कामगारांना नावाने ओळखतात. अशा माणसाच्या हातात आवक विभागातून पत्र पडले, तर मजकुराआधी पत्र कोणत्या वाटेने आले हेच ते मनाला लावून घेतील. प्लँट मॅनेजर काय बोलले हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेही नसेल. आधी त्यांची वेळ मागून प्रत्यक्ष भेटा, महापुरातील मदतीची आठवण मनापासून काढा, आणि मग पत्र त्यांच्याच हातात द्या. पोच त्यानंतर घेता येईल.

आणि इन्चार्ज म्हणून बाई चालत नाही असे कोणी म्हणालेच, तर रखमाबाई केळवकरांचे नाव सांगा. शाहू महाराजांनी संस्थानातील स्त्रीशिक्षणाची देखरेख त्यांच्याकडे सोपवली होती, आणि त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली.

प्रश्नकर्तीचे उत्तर, बारा दिवसांनी

सर्वांची मनापासून आभारी आहे. आधी घरी बोलले. दीर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की शिरोलीतील एका पंप कंपनीचे काम त्यांना मागेच देऊ केले होते, दर कमी म्हणून त्यांनी घेतले नव्हते, आता ते घेतील. कमी दराचा तो बोजा माझ्यामुळे त्यांच्यावर पडतो आहे, हे मी विसरणार नाही. सासऱ्यांचे मत बदललेले नाही. मात्र पत्राचा कच्चा मसुदा त्यांनी दोनदा वाचला आणि मालकांच्या नावामागे ‘आदरणीय’ राहिले होते ते घालायला लावले.

काल सकाळी मालकांना भेटले. २०१९ ची गोष्ट मीच काढली. पुढचे बोलताना माझा आवाज थरथरत होता, पण मी थांबले नाही. पत्र त्यांनी माझ्यासमोर पूर्ण वाचले आणि सहा हजारांच्या आकड्यावर बोट ठेवून हे खरे आहे का असे विचारले. मी हो म्हणाले. ते नाराज झाले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, माझ्यावर की आणखी कोणावर, ते मला समजले नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर देतो, एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन मी टेबलावर परत आले. तो तरुण विचारले तर खरे सांगीन असे म्हणाला आहे, लिहून देण्याविषयी त्याने अजून विचार केलेला नाही.

कोअर शॉपमधील बायकांशी रविवारी त्यांच्यापैकी एकीच्या घरी बसायचे ठरले आहे. वेतन संहितेतील कलमे सोप्या मराठीत एका कागदावर लिहून घेते आहे. कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे करायच्या अर्जात हजेरीपटाची प्रत जोडावी लागते का, आणि ती नसेल तर रिजेक्शनच्या नोंदवहीतील सह्या चालतील का, हे वकीलताईंनी कृपया रविवारच्या आत सांगावे.